दुसरा कप्पा

पेलोतासच्या हिवाळ्यात भिंतींना घाम फुटतो,
दुकानातले उघडे रेडिओ रात्रभर खरखरतात.
तशा एका संध्याकाळी मी भावाचं कार्ट्रिज उघडलं.
आत सेल, चवलीएवढा, पोट फुगलेला,
कडेला हिरवट क्षार.
अजून एखादा महिना, फार तर दोन.
तेवढंच उरलं होतं तार्सीझियुचं.

कार्ट्रिज वडिलांनी आणलेलं, पाराग्वेच्या सीमेवरून,
बसमधून, मोज्यांच्या गठ्ठ्यात दडवून.
वर चित्र फुटबॉलचं, आत खेळ विहिरींचा:
कंदील घेऊन एक मुलगी कोरड्या विहिरीत उतरते,
पाणी शोधत.
म्हणजे मुळात नकलीच. चोरीचा माल.
हे कळायला आम्हाला बारा वर्षं लागली
आणि वाईट वाटायला त्याहून जास्त.

पडद्यावरची अक्षरं जपानी.
तार्सी त्यांचे अर्थ ठोकून द्यायचा, मास्तरासारखा:
हे म्हणजे 'हो', हे म्हणजे 'नको',
आणि हे लांबलचक आहे ना, ते 'आई जेवायला बोलावतेय'.

मी आधी किंमत विचारली होती.
चोर असेन, पण विचारून पाहणारी.
खेळ बनवणारी कंपनी बुडाली,
हक्क गेले सोडतीची यंत्रं बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे.
तिचं उत्तर आलं, तीन ओळींचं:
हा खेळ आम्ही विकत नाही.
त्याची प्रत करणे बेकायदा आहे.
आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.
दुकान कधीच उठलेलं, पण कुलपावर पहारा चोख.

प्रत व्हायला चौतीस सेकंद लागले. मी मोजले.
दोन फाइली निघाल्या.
मोठी, त्यांची.
आणि एक एवढीशी, जिच्यात
तीन अक्षरी नाव, एकोणिसावी विहीर, सत्तेचाळीस तास.
ही कोणाची, यावर कायदा गप्प आहे.
पण मोठीवाचून छोटी म्हणजे आकड्यांचा भुगा,
विहीर नसताना नुसती खोली.

दोना हात्सुए इस्त्री दुरुस्तीला घेऊन आल्या
तेव्हा त्यांना शेवटची नामावळी वाचायला लावली.
चष्मा पुसून त्या हसायलाच लागल्या.
ही नावं नाहीत गं, म्हणाल्या,
'मुळा', 'झोपाळू', 'तिसऱ्या मजल्यावरचा'.
खरी नावं लिहू दिली नसतील मालकांनी,
माणसं दुसरा कोणी पळवेल म्हणून.
म्हणजे ज्यांचं मी चोरलं म्हणतात
त्यांची नावं आधीच कोणी उचलली होती.
यानं माझं पाप कमी होत नाही.
मी फक्त सांगून ठेवते.
मुळा, तू जिथे असशील तिथे,
तुझे पैसे माझ्याकडे आहेत. कुठे पाठवू?

संगणकावर या खेळाला एक जादा कळ मिळते.
दाबली की काळ मागे सरकतो:
पडलेली मुलगी कठड्यावर परत उभी.
मी ती अजून दाबलेली नाही.
तार्सीकडे ती नव्हती.
खेळात नव्हती, आणि त्या पुलावर,
मोटरसायकल घसरली तेव्हाही नव्हती.

परवा शेजारचा कावान पेन ड्राइव्ह घेऊन आला.
मला पण द्या.
आपलं दुःख जपायला केलेली प्रत वेगळी
आणि वाटत सुटणं वेगळं,
हे मी त्याला नीट समजावून सांगितलं.
त्यानं मान डोलावली. ड्राइव्ह पुढेच धरलेला.
दिली.

थोड्या वेळानं मागच्या खोलीतून त्याची हाक:
पहिल्या कप्प्यात कोणीतरी आहे,
पुसून टाकू?
हातातली तापलेली कावी खाली ठेवायला मला
जरा वेळ लागला.
नको, म्हटलं. दुसरा घे.
तिसराही रिकामाच आहे.